पाजणीच्या जागेतून गेलेला रस्ता

मामाचं कार्ड आलं तेव्हा आमच्या कॉन्व्हेंटला नाताळची सुटी लागली होती. चारच ओळी होत्या. नव्या रस्त्याची जागा बघायला येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वरचे मोठे साहेब येणार आहेत, भाऊजींनी यावं, त्यांना सरकारी कामकाज कळतं. भाऊजी म्हणजे माझे बाबा. ते नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते आणि सरकारकडे हरकत घेणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहायची त्यांना भीती वाटत होती. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं आणि आईला म्हणाले, तू पोरीला घेऊन जा. तिला इंग्रजी येतं. काही कागद आलाच हाती, तर वाचून सांगेल.

असं माझं मामाच्या गावी, खाप्याला जाणं ठरलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोळा वर्षांची होते.

आता मी मनीषनगरात राहते. तिथून खाप्याला जायचं तर नागपूर शहर ओलांडण्यातच निम्मा वेळ जातो. कोराडीच्या पुढे लागलं की मग रस्ता रुंद आहे, सावनेरपर्यंत गाडी सुरेख पळते. तेव्हा आम्ही धरमपेठेत होतो. सायकलरिक्षाने स्टँडवर गेलो, एसटीने सावनेर गाठलं आणि दुसऱ्या एसटीची वाट बघत बसलो. दोघींचं तिकीट मिळून पाचाच्या नोटेत भागलं होतं. स्टँडवर आईने सांबारवडी घेतली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. तिचं सारण भरलेली गरम वडी आणि वर आंबट कढी. सावनेरला थांबलात तर अजूनही खाऊन बघा. तशी मला पुढे कुठेच मिळाली नाही, पण तो दोष कदाचित माझ्या वयाचा असेल.

दुसरी एसटी संत्र्यांच्या बागांमधून हलत डुलत निघाली. बाजाराचा दिवस होता, उभं राहायलाही जागा नव्हती. खाप्याच्या बाजारात शिरल्याबरोबर गाडी अडकली. काटकोनातलं वळण, दोन्ही बाजूंना दुकानांचे ओटे, समोरून कापसाची बैलगाडी. कंडक्टर खाली उतरला, परत चढला आणि म्हणाला, "नवा रस्ता होऊ द्या, पाच मिनिटांत गाव पार." मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग आम्ही उतराचं कुठी गा?" सगळी गाडी हसली. मीही हसले.

भांडण त्याच वळणाचं होतं. वळण रुंद करायचं तर दुकानं तोडावी लागत होती. दुकानदारांनी खटपट केली आणि रस्ता बाजाराच्या मागून वळवायचं ठरलं. मागे विणकरांचा मोहल्ला होता. घरांना धक्का लागणार नव्हता. रस्ता घरांपुढच्या लांबोडक्या मैदानातून जाणार होता. नकाशावर ती मोकळी जागा होती. विणकरांसाठी ती पाजणीची जागा होती.

पाजणी म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजणं. पहाटे उठून मैदानात बांबूच्या घोड्या उभ्या करायच्या, त्यांवर साठ-सत्तर हात लांबीचे ताणे, म्हणजे कापडाचे उभे धागे, ओढून धरायचे आणि दोन्ही बाजूंनी चालत चालत कुंच्याने खळ लावायची. ऊन चढायच्या आत काम संपवून ताणे गुंडाळले की मैदान दिवसभर रिकामं. त्याला ना भिंत, ना दार. पण ते नसेल तर मोहल्ल्यातला एकही माग चालू शकत नव्हता. म्हणून मोहल्ल्याने हरकत घेतली होती, आणि म्हणून वरून साहेब येणार होते. त्यांचा शेरा शेवटचा.

संध्याकाळी मामीने गोळाभात केला होता. जेवताना वाद निघाला. मामा मोहल्ल्यातला जाणता माणूस. उद्या कोणी ताणा लावायचा नाही, असं त्याने घरोघर सांगून ठेवलं होतं. मैदान झाडायचं, सडा टाकायचा, सतरंजी अंथरायची. मामी ताटात वाढता वाढता म्हणाली, "लावू द्या ना ताणे. पाहू द्या त्याले, काय काम चालते ते."

"साहेब येऊन राहिला आपल्या दारी," मामा म्हणाला, "अन् आपण खळीचे हात घेऊन त्याच्यासमोर उभं राहाचं?"

"मंग? खळीचेच तं हात आहेत."

"तुले समजत नाही वं."

मामी परत वाढू लागली. आईनेही भावाचीच बाजू घेतली. मला तर मामाचंच पटलं होतं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या शाळेतसुद्धा फरशी पुसून घेत, बाग झाडून घेत.

दुसऱ्या दिवशी मैदान इतकं स्वच्छ होतं की आजही डोळ्यांसमोर आहे. घोड्या उचलून घरांमागे नेलेल्या. खळीचे डाग पडलेली जमीनही शेणाने सारवून टाकलेली. कडेने रांगोळी. पुरुष धुतलेल्या सदऱ्यांत उभे. साहेब आले ते थेट अकराला. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी हार वाकून घेतला, चहा बशीत ओतून प्यायला. मामाचं सगळं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. पण ते मराठीभाषक नव्हते, सोबतचा ओव्हरसियर त्यांना इंग्रजीत सांगत होता आणि मामाच्या दहा वाक्यांचं त्याच्याकडे एक वाक्य होत होतं. मामाने पाजणी समजावली. ओव्हरसियरने सांगितलं, हे लोक विणकर आहेत, सर.

मग साहेब मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मी आईबरोबर कडेला उभी होते. माझ्यापासून चार हातांवर थांबून त्यांनी इंग्रजीत विचारलं, या जागेचा सध्या काय उपयोग होतो? ओव्हरसियरने सभोवार बघितलं. म्हणाला, काही नाही सर, मोकळीच असते. गुरं येत असतील. साहेबांनी वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता तो शब्द तोंडाने उच्चारला. व्हेकंट.

ओव्हरसियर सोडला तर तिथे जमलेल्या साठ-सत्तर माणसांत तो शब्द कळलेली मी एकटी होते. रिकामी जागा.

वही मिटताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझा फ्रॉक, पांढरे मोजे. त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, कुठल्या शाळेत जातेस? मी सांगितलं. छान, म्हणाले, सुटीत मामाकडे का? मी म्हटलं, येस सर. ते म्हणाले, माझाही आज सावनेरच्या रेस्ट हाउसला मुक्काम आहे, उद्या दुपारपर्यंत निवांत आहे, इथली हवा छान आहे. मी म्हटलं, थँक्यू सर.

मी एवढंच बोलले. वडीलधाऱ्यांच्या मध्ये, विचारल्याशिवाय बोलू नये, हे सिस्टरांनी दहा वर्षं शिकवलं होतं. पण मला तर विचारलं होतं. सर, उद्या सकाळी सातला या, एवढं एक वाक्य लागत होतं आणि ते मला बिनचूक येत होतं.

जीप गेली. मामा खुशीत होता. साहेबाने वहीत लिहून घेतलं, तो सगळ्यांना सांगत होता. सगळ्यात मोठ्याने माझं कौतुक झालं. पोरगी साहेबाशी इंग्रजीत बोलली.

तिसऱ्या दिवशी परत निघायच्या आधी मामीने मला मैदानात नेलं. जेमतेम सूर्य वर आला होता. एक दिवसाचं काम तुंबलेलं, त्यामुळे मैदानभर ताणे लागले होते. लाल, हिरवा, हळदी. ओल्या सुतावर कोवळं ऊन. बायका-माणसं कुंचे घेऊन ताण्यांच्या दोन्ही अंगांनी चालत होती. पलीकडे जायचं तर वाकून जावं लागत होतं, पाऊल ठेवायला जागा नव्हती. साहेब अजून सावनेरलाच होते, तासाभराच्याही आतल्या वाटेवर. मी मामीच्या मागे मागे चालले, थोडी खळही लावली.

घरी आल्यावर आठ दिवसांनी बाबांना सांगितलं. मग त्यांनी स्वतःचं नाव न घालता मोहल्ल्याच्या नावाने इंग्रजीत अर्ज लिहून दिला. पावसाळ्यात उत्तर आलं, सभ्य भाषेत. जागेची समक्ष पाहणी झाली असून ती वापरात नसल्याचं आढळलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मुरूम पडला. लोकांनी काही महिने रस्त्याच्या कडेला ताणे लावून पाहिले. धुळीने खळ काळी पडायची. एकेक माग बंद झाला. मामाने त्याचा माग विकला आणि त्याच बाजारातल्या एका दुकानात कापड मोजायला बसला.

दोन वर्षांनी मामी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. एका दुपारी आम्ही मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शब्द, वही, रेस्ट हाउस. ती ऐकत निवडतच राहिली.

"तू म्हटलं असतं, तं आला असता का वं तो सकाळी?"

समजूत काढण्यासाठी विचारलेलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आला असता, मामी."

तिने निवडलेली जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हे तुझ्या मामाले सांगशील? तो समजते का त्याच्या एकट्याच्यानंच झालं. जेवता जेवता उठून जाते कधी कधी."

मी हो म्हटलं.

रस्ता आजही चांगला आहे. खाप्याला जाणार असाल तर बाजारात न अडकता थेट कन्हान नदीच्या काठी पोचाल. डाव्या हाताला घरांची एक सरळ रांग दिसेल, रस्त्यापासून जरा जास्तच मागे सरकून बसलेली. मी दरवर्षी त्याच रस्त्याने जाते आणि दिवेलागणीपर्यंत मनीषनगरला घरी असते.

मामा त्यानंतर नऊ वर्षं होता. दर दिवाळीनंतर मी खाप्याला जायची, त्याच्या शेजारी पाटावर बसून जेवायची. मी त्याला सांगितलं नाही.