नाकाखालचा कापूस

पन्नासच्या दशकात आमच्या भागात हुतूतूचे सामने कापूसवेचणीच्या दिवसांत व्हायचे. समोरच्यांच्या अंगणात शिरायचं ते एका दमात, 'हुतूतू' म्हणत. दम तुटला की बाद. तो तुटला की नाही, हे पंच कानानं ठरवायचे.

आमच्या संघात एक मुका होता. वय पंचविशीचं, काम तेलघाण्यावर. ऐकू त्याला स्वच्छ यायचं. त्याला नाव होतं, पण गाव मुकाच म्हणायचं, आणि आम्हीही. तो ओठ मिटून एक लांब हुंकार काढायचा. गावात तोच त्याचा हुतूतू धरला जाई.

रिठदकडच्या एका गावी सामना होता. मुक्याच्या पहिल्याच चढाईला समोरच्या कप्तानानं हात वर केला.

"गुरुजी, हा दम चोरून राह्यला."

पंच शाळामास्तर होते. "कशावरून?"

"याच्या तोंडातून अक्षरच नाही निंगत. मंग दम तुटला कुठी, हे कसं समजाव?"

"मुका हाय का सोंग हाय, ते पाहा आधी!" कडेनं कोणी ओरडलं. एकानं खरंच मागून चिमटा काढला. मुक्यानं तोच हुंकार काढला. लोक हसले, समाधान कोणाचंच झालं नाही.

आमचा कप्तान म्हणाला, "बसवा त्याले बाहीर. एकासाठी खेळ कायले मोडता?"

आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. एवढा लांब दम कोणाचा नसतो, असं मलाही वाटायचं.

मुका मैदानाबाहेर गेला, पण बसला नाही. गाडरस्त्याच्या कडेला बाभळी होत्या. जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस त्यांच्या काट्यांना अडकलेला असे. त्यातला एक पुंजका त्यानं काढला. एका म्हाताऱ्याच्या हातातल्या गुळाला बोट लावलं आणि पुंजका नाकाखाली चिकटवला. मास्तरांसमोर येऊन हुंकार काढला: तंतू बाहेर उडाले. श्वास घेतला: तंतू नाकपुडीत गेले. हे त्यानं दोनदा करून दाखवलं.

मास्तर म्हणाले, "कापूस आत गेला की बाद. खेळू द्या."

समोरचा कप्तान रेषेजवळ उकिडवा बसून त्याचं नाकच पाहत राहिला. तंतू शेवटपर्यंत बाहेरच उडत होते. मुका दोघांना शिवून परतला. मग त्यानं कापूस काढून त्या कप्तानापुढे धरला.

"आमाले कायले? आमाले बोलता येते."

आमची पुढची चढाई माझी होती. मुक्यानं हात माझ्याकडे वळवला.

"मले कायले?" मी म्हणालो. आमचेच लोक हसले.

दोन वर्षं मी 'तू' आणि 'हु'च्या मध्ये नाकानं श्वास चोरत होतो. माझी अक्षरं स्पष्ट होती, म्हणून कोणा पंचानं कधी विचारलं नव्हतं. मुक्यानं हात थोडा वेळ तसाच धरला. मग कापूस पुन्हा स्वतःच्या नाकाखाली लावला.

सामना आम्ही जिंकलो. मालेगावच्या बाजूला खेळायला गेलो, तर ही अट आमच्याआधी तिथे पोचलेली होती. अट त्याच्या एकट्यासाठीच होती. तो टोपीच्या घडीत एक पुंजका ठेवू लागला.

माझी चढाई आली की सगळे माझे पाय पाहत. तो नाक पाहायचा. त्यानं कोणाला खूण केली नाही. त्या हंगामात माझ्या चढाया आखूड झाल्या. कप्तानानं कारण विचारलं, तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.