पक्का की अंदाज

त्या पोराची जिरावी म्हणून मी रोज देवापुढं हात जोडायची, हे सांगायला मला आजबी लाज वाटत न्हाई.

परभणीत भरतीच्या क्लासला आमी सोबत होतो. मी ताडकळसकडून बसनं यायची. घरी शेळ्या-मेंढ्या. क्लासच्या पुढच्या बॅचमधी फुकटची एकच जागा होती, चाचणीत पहिला येणाऱ्याला. मला न्हाई मिळाली तर बाप क्लास बंद करून लग्न लावणार, हे ठरलेलं.

एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं: सगळ्या शेळ्या पाला खातात. हा प्राणी पाला खातो. तर हा प्राणी कोणता? तो पहिल्या बाकावरून ओरडला, "शेळी!" मी म्हणाले, "सांगता येत न्हाई सर, मेंढीबी पाला खाती." तर म्हणतो कसा, "शेळ्यामागं जन्म गेला आन् शेळी ओळखू येईना!" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी माझंच उत्तर बरोबर धरलं, पण तवर कोण ऐकायलंय? त्या दिवसापासून मला सगळे 'शेळी' म्हणायला लागले. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

चाचणीत सरांनी नवीनच काढलं. हरेक उत्तरापुढं 'पक्का' न्हाईतर 'अंदाज' लिहायचं. अंदाज बरोबर आला तर अर्धा मार्क, चुकला तर माफ. पक्का बरोबर आला तर पूर्ण मार्क, पण चुकला तर दोन कट. जिथं शंका तिथं मी गुमान अंदाज लिहिलं. मग पेपर अदलाबदल करून तपासायला दिले, आन् त्याचा नेमका माझ्याकडं आला. वरपासून खालपर्यंत पक्का, पक्का, पक्का! निम्मे चुकलेले. काळीज गार झालं माझं.

त्यानं मागं वळून बघितलं, तोंड पडलेलं. "ताई, थोड्या ठिकाणी अंदाज कर ना. कुणाला कळणार न्हाई."

ताई! इतके दिवस शेळी होते मेल्याला.

"जमायचं न्हाई," म्हणाले. एक मार्क जास्त कापला न्हाई, एक सोडला न्हाई. बेरीज पुन्हा तपासली आन् उभं राहून मागच्या भिंतीला ऐकू जाईल अशी वाचली. शून्याच्याबी खाली!

जागा मला मिळाली. संध्याकाळी तो बसस्टँडवर एकटाच बसला होता, मान खाली घालून. माझी बस लागलेली. तरीबी मी वळसा घालून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. त्यानं वर बघितलं, तवाच हलले.