पाचव्याची पानं

मामा आपल्या दुकानात चष्म्यांच्या काचा घासतो. तरुणपणी तो आणि त्याचे चार मित्र एका मासिकात भयकथा लिहायचे. विहिरीच्या तळाशी झोपलेला एक आंधळा देव पाचांनी मिळून रचला होता. कथा ज्याची त्याची, देव सामाईक. जीव लावायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी: मित्राला कथेत घ्यायचं आणि देवाच्या तोंडी द्यायचं. चौघांचा असा फडशा पडला. मामाची पाळी यायच्या आत मासिक बंद पडलं, आणि पुढे ते चौघे खरोखरच गेले.

देव मात्र टिकला. आता ओळखदेख नसलेली पोरं त्याच्यावर पुस्तकं लिहितात. मामा प्रत्येक पुस्तक आणतो, दुकानात एकटाच वाचतो आणि म्हणतो, "मला अजून कुणी खाल्लं नाही."

"खायला तुझ्यात उरलंय काय?" मी एकदा वैतागून म्हटलं. घरी जेवायला ये, हे सांगून माझी जीभ झिजली होती.

परवा एका नव्या लेखिकेच्या कथेत नायक देवाच्या पोटात उतरला. तिथे चार म्हातारे पत्ते घेऊन बसले होते, पण डाव सुरू होत नव्हता. पाचव्याची पानं वाटून उपडी ठेवली होती.

मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघ," तो म्हणाला, "माझ्यावाचून अडलंय त्यांचं."