कव्हरवालीची स्कूटर

आमच्या भागात माझ्या नणंदेला कुणी नावाने ओळखत नाही. ‘कव्हरवाली’ म्हटलं की कुणीही थेट दारापर्यंत आणून सोडतं. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं शिवणं हा त्यांचा धंदा आणि उरलेला प्रत्येक तुकडा स्वतःच्या घरातल्या वस्तूंवर चढवणं हा त्यांचा रोग. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर. त्या घरात उघडं असं एकच, ते म्हणजे वन्संचं तोंड.

त्या तोंडावर माझा भारी जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटतं, कारण त्या त्यांच्या घरात राहतात आणि मी माझ्या. मधे दोन गल्ल्या आहेत आणि त्या तशाच राहाव्यात असं आम्हा दोघींनाही वाटतं.

वन्सं तरुणपणी एका शिवणकामाच्या कारखान्यात होत्या. तिथे बायकांनी शिवायचं आणि पुरुषांनी कापायचं, असा मुकादमाचा कायदा होता. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. वन्संनी स्वतःच्या पैशाने मोठी कात्री आणली आणि दुसऱ्या दिवशी सरळ कापायच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. नोकरी गेली. कात्री अजून आहे. पुढे नवरा वारला, तेव्हा आता वन्सं भावाकडे राहणार असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. वन्संनी कुणाशी वाद घातला नाही. दारावर पाटी लावली, ‘पडदे शिवून मिळतील’, आणि आत जाऊन मशीनला तेल दिलं.

तो भाऊ म्हणजे आमचे हे. माणूस मायाळू, पण माया दाखवायची त्यांना एकच रीत ठाऊक. ‘ताई, आता बस.’ वन्संचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा म्हणाले, आता बस. साठी उलटल्यावर वन्संनी पायांना पर्याय म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर आणली, तेव्हा तर दिवसभर तेच. वन्संचं उत्तरही ठरलेलं. ‘बसलं की गंज चढतो.’

स्कूटरची सगळी देखभाल त्यांनी घरीच सुरू केली. बाहेरून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी निवू द्यायची. ‘कुकरसारखं आहे गं, वाफ जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.’ मशीनचा बारीक ब्रश वायरींच्या जोडांवरची धूळ काढायला, जुन्या चादरीचे तुकडे पुसायला. सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पहिल्यांदा ब्रेक आवळायला गेल्या आणि नट उलटा फिरवला. गाडी थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांत. वन्संनी कुंड्या भरून दिल्या, वर त्यांना कव्हरंही शिवून दिली. शेजारी हसावं की रडावं या विचारात अजून आहेत.

मग गेल्या आठवड्यात ती स्कूटर भर चौकात बंद पडली. सिग्नलला थांबली ती थांबलीच. हॉर्न वाजतोय, समोरचे आकडे दिसताहेत, बॅटरी भरलेली, पण चाक हलायला तयार नाही. मागे गाड्यांचा गोंगाट, पुढ्यात पडद्यांचं गाठोडं, आणि वन्सं एकट्या गाडी ढकलताहेत. नेमके आमचे हे तिथून चालले होते. त्यांनी धावत जाऊन मागून हात लावला. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने गाडी चारी बाजूंनी पाहिली आणि हात जोडले. ‘यात इंजिनच नाही, बाई. मी काय उघडू?’ झालं, ह्यांना तेवढंच पुरलं. भंगारवाल्याला शब्द देऊन मोकळे. शनिवारी दुपारी तो गाडी नेणार आणि मग वन्सं आमच्या मागच्या खोलीत राहायला येणार. गाडीशिवाय पडदे पोचवणार कोण? धंदा आपोआप बंद. हे सगळं ठरलं वन्संना न विचारता, त्यांना नुसतं कळवलं. मला तर इतका राग आला, की त्या दिवशी ह्यांना चहाही मिळाला नाही.

शनिवारी सकाळी वन्संचा फोन. ‘टॉर्च घेऊन ये. आणि त्याला काही बोलू नकोस.’

जाऊन बघते तर स्कूटर बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी, पाहुण्यासारखी उभी. खिडक्यांना त्यांनीच शिवलेले जाड पडदे, त्यामुळे खोलीत काळोखच होता. वन्सं स्टुलावर बसल्या. सीटखालचा बॅटरीचा खटका आधी पाडला. ‘वायरींशी शौर्य दाखवायचं नाही,’ म्हणाल्या. एकेक जोड सोडवून पुसला, परत बसवला. स्टँड खाली असला तर गाडी चालत नाही, म्हणून तिथलं बटण घासलं. मग स्टँड वर घेतला, खटका वर केला, चावी फिरवली, मूठ पिळली. चाक ढिम्म.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ढिम्म. वन्संच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘तुझ्या मागच्या खोलीला खिडकी आहे ना गं?’

मला भडभडून आलं. टॉर्च ठेवायला मी वळले. मागे त्यांचा उभा मोठा आरसा होता, गिऱ्हाइकाला पडदा कसा पडतो ते दाखवायचा. त्या आरशात, स्कूटरच्या पाठीला, लाल दिवा जळत होता.

‘वन्सं, मागचा दिवा का लागलाय?’

‘ब्रेक दाबला की लागतो.’

‘पण ब्रेक कुणी दाबलाय?’

दोघींनी मुठीकडे पाहिलं. ब्रेकच्या दांडीवर तपकिरी रेक्झिनचं नवंकोरं कव्हर होतं. उन्हात दांडी बोटांना पोळते म्हणून वन्संनी चौकातल्या प्रकाराच्या आदल्याच दिवशी शिवलेलं. दुहेरी शिवण, टोकाला घडी, काम एकदम चोख. ती जाडजूड घडी दांडीच्या सांध्यात अडकून बसली होती. दांडी पुरती मागे जात नव्हती, आणि ब्रेक दाबलेला आहे असं समजून बिचारी गाडी मालकिणीचा हुकूम पाळत जागेवर उभी होती.

वन्संनी त्याच मोठ्या कात्रीने कव्हर कापून काढलं. आरशातला दिवा विझला. मूठ जराशी पिळली, तशी गाडी पुढे सरकली आणि मी किंचाळले.

‘फेका ते कव्हर,’ मी म्हटलं. ‘आपण सांगू, वायर ढिली होती. नाहीतर हे जन्मभर ऐकवतील.’

‘लपवायला मी काय चोरी केलीय?’

दुपारी हे आले, सोबत भंगारवाला. वन्संनी स्कूटर दारात काढून ठेवली होती आणि ते कव्हर सीटवर, सगळ्यांना दिसेल असं. काय झालं होतं ते एका दमात सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

ह्यांचा आवाज चढला. ‘म्हणजे तुझ्याच हाताने? अगं, मागून ट्रक आला असता तर? मी तुला कुठे शोधणार होतो?’ सीटवरचं कव्हर उचलून त्यांनी माझ्या हातात कोंबलं. ‘ताई, खरंच, आता बस.’

‘घाबरलास, कळतं मला. मीही घाबरले होते. पण चूक झाली म्हणून गाडी विकायची? कापड चुकलं म्हणून मी कधी कात्री विकली नाही. गाडी माझी, चूक माझी, दुरुस्ती माझी. यात विकायला तुझं काय आहे रे?’

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वन्सं स्कूटरवर बसल्या, पडद्यांचं गाठोडं पायाशी घेतलं आणि मागच्या सीटवर थाप मारली.

‘बस.’

‘काय?’

‘कधीपासून मला सांगतोयस ना, आता बस? मी काही बसणार नाही. आता तू बस. पडदे पोचवायचेत.’

आमचे हे बसले. अंग चोरून, दोन्ही हातांनी बहिणीचे खांदे धरून, लहानपणी बसत असतील तसे.

‘मग मी काय नेऊ?’ भंगारवाल्याने मला विचारलं. मी ते रेक्झिनचं कव्हर त्याच्या हातात ठेवलं.

गल्लीच्या टोकाला वळणावर लाल दिवा लागला. मी श्वास रोखला. दिवा विझला आणि गाडी वळली.