मानाचं ‘तुम्ही’

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, चंडीगडच्या एका सभागृहात, आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न दोन दिवसांत कायमचा सोडवण्यात आला. समोसे गरम होते. मी साक्षीदार आहे, आणि अजून चिडलेला आहे.

शिक्षक घडवणाऱ्यांचं शिबिर होतं ते. सातपुड्यातून एक भिल्ल शिक्षिका आल्या होत्या. एवढा प्रवास कशासाठी, तर पंचेचाळीस मिनिटं बोलायला. मी इथला मराठी प्राध्यापक, म्हणून मला त्यांच्या दिमतीला दिलं होतं.

नाश्त्याला त्यांनी विषय सांगितला. “आमच्या बोलीत मानाचं ‘तुम्ही’ नाही, सर. आईला तू, पाटलाला तू, देवालाही तू. पोर पहिल्या दिवशी गुरुजीला म्हणतं, ‘तू पाणी दे.’ गुरुजी ठेवून देतो एक. दुसऱ्या दिवशी पोर येत नाही. एवढंच सांगायचंय. इथे जमलेल्यांच्या हाताखालून निघालेला गुरुजी तरी मारायचा नाही.”

पंधरा वर्षं मी बी.एड.चे वर्ग घेत होतो. हे मला ठाऊक नव्हतं.

मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर एक चौकोन, त्यात ‘आदिवासी बालक’, आणि चहूबाजूंनी त्याला बाण! बाण संपेचनात. बाईंची पंचेचाळीस मिनिटं त्या बाणांनी खाल्ली. शेवटी शिबिराचे संचालक टाय सावरत आमच्या खुर्च्यांपाशी आले.

“बहनजी, टाइम नहीं बचा. शाम को कल्चरल प्रोग्राम है, उसमें अपना डान्स कर दीजिए जी. सबको बड़ा अच्छा लगेगा.” मग माझ्याकडे वळून, “प्रोफेसर साहब, इनकी भाषा में समझा दीजिए.”

डान्स! वीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई, आणि यांना तिचे फक्त पाय हवे होते. माझ्या कानशिलांत आग पेटली. आणि तरी, सांगायला लाज वाटते, मी समजावू लागलो! “साहेब म्हणतात, की...”

“हिंदी येते मला,” बाई म्हणाल्या. उठल्या, तडक मंचावर गेल्या आणि माईकसमोर उभ्या राहिल्या. संचालक मागून धावले. “बहनजी, आप समझ नहीं रहीं, आपका प्रोग्राम शाम को...”

बाई वळल्या. माईक चालूच होता.

“तू नाच. मैं पढ़ाती हूँ.”