पाहुणा म्हणजे गेस्ट नव्हे

"बाबा, उठा. ही खुर्ची गेस्टसाठी आहे."

साहेब, म्हणजे आमचे मालक, हे माझ्या बापाला म्हणाले. रिसॉर्टच्या जेवणाच्या शेडमध्ये, पुण्या-मुंबईच्या भरल्या पंगतीसमोर. आप्पांनी नुकताच भाकरीचा तुकडा मोडला होता. मी बाजूलाच उभा. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, हातात पाण्याचा जग.

आप्पांना 'गेस्ट' कळलं नाही. ते नुसतेच हसले. साहेब माझ्याकडे वळले.

"सांग ना त्यांना तुमच्या भाषेत."

तुमच्या भाषेत! साहेबांची मराठी, माझी मराठी, आप्पांची मराठी. तरी मधे दुभाष्या हवा.

"काय म्हंत्यात रं मालक?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, आपुन तिकडं मागं बसू."

मालकाचं वाक्य मीच बापाला सांगितलं, तेही गोड करून. आप्पा उठले. उठताना खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी ती खुर्ची पुसली. कुणी सांगितलं नव्हतं. माझा बाप स्वतः बसलेली जागा स्वतःच पुसून निघाला.

आम्ही आटपाडीकडचे. मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन साताऱ्याच्या बाजूला निघतात. मी तेवढा शिकलो. सांगलीत हॉटेलच्या कामाचा कोर्स केला आणि साताऱ्याजवळच्या डोंगरात या रिसॉर्टवर रिसेप्शनला लागलो; जेवणाच्या वेळी वाढायलाही मीच. आमच्या घरातली पहिली पगाराची नोकरी. आई गावभर सांगत सुटली होती.

कोर्समध्ये सर सांगायचे, "कस्टमर म्हणायचं नाही. गेस्ट म्हणायचं. कस्टमर विकत घेतो आणि जातो. गेस्टला आपण घरात घेतो." मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, वा, इंग्रजीतही आपला पाहुणा आहे! आमच्या मेंढरांच्या तळावर वाट चुकलेला माणूस आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मग गाव विचारतात. एवढंच तर शिकायचंय, ते आपल्याला जन्मापासून येतंय, असं मला वाटलं.

रिसॉर्टच्या मागे साहेबांचं भाजीचं रान. सेंद्रिय. त्याला खत हवं होतं. साहेबांनी मला सांगितलं, मी आप्पांना फोन केला. आमच्याकडे याला मेंढरं बसवणं म्हणतात. रानात जाळी लावायची, रात्री मेंढरं आत बसवायची, लेंडीखत आपसूक रानाला मिळतं. बदल्यात रानमालक धान्य देतो आणि जेवू घालतो. ते जेवण म्हणजे उपकार नव्हे, ती रीत. वाटेत रहिमतपूरकडच्या शेतकऱ्यानं आप्पांना ओसरीवर घरच्या माणसांच्या पंगतीत बसवलं होतं. वर "आवं, अजून एक भाकरी घ्या की" म्हणून आग्रह केला होता.

मेंढरं बसली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "वडिलांना जेवणाच्या वेळी पटका बांधून, घोंगडं घेऊन यायला सांग. एकदम ऑथेंटिक वाटेल."

आप्पांना वाटलं, मालकानं जेवायला बोलावलंय. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. आप्पांनी ठेवणीतला पटका काढला. शेडमध्ये फोटो सुरू झाले. एकानं आप्पांचं घोंगडं पांघरून फोटो काढला. एका बाईला मांडीवर कोकरू हवं होतं. आप्पांनी सगळं हौसेनं केलं. ताटं आली तसे त्यांनी हात धुतले आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. बोलावलेला माणूस दुसरं काय करणार?

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

आप्पा स्वयंपाकघरामागच्या पायरीवर जेवले. मी समोर उभा होतो आणि सरांचे शब्द डोक्यात ठणकत होते. कस्टमर घेऊन जातो. व्हिजिटर बघून जातो. गेस्टला खुर्ची मिळते, पण बुकिंग केल्यावर. माझा बाप यातला कोणीच नव्हता. त्याच्यासाठी साहेबांकडे वेगळाच शब्द होता आणि तो मीच रोज सकाळी माईकवरून बोलत होतो: ॲट्रॅक्शन. आजचं ॲट्रॅक्शन बैलगाडी. आजचं ॲट्रॅक्शन चुलीवरची भाकरी. आणि आज माझा बाप. पाहुणा आणि गेस्ट सख्खे भाऊ आहेत असं मी समजत होतो. त्यांची साधी सोयरीकसुद्धा नाही.

"आप्पा, मेंढरं काढूया. ऱ्हायचं न्हाई हितं."

"आरं, नोकरी हाय तुजी," आप्पा म्हणाले. "मागं बसून मी काय झिजलो व्हय?"

"तुमी न्हाई झिजला. मी झिजलो."

आप्पांनी ताट धुऊन पालथं घातलं.

संध्याकाळी साहेब आले. "उद्या मोठी बॅच आहे. वडिलांना तोच ड्रेस सांग. आणि फोटो झाले की लगेच मागे ने. आजच्यासारखं नको."

"आप्पा येणार नाहीत."

"का?"

"त्यांना जेवायला बोलावलेलं नाही."

"अरे, जेवण दिलं की मागं!"

"मागं टाकतात, साहेब. पाहुण्याला वाढतात."

साहेबांचा चेहरा बदलला. "नोकरीचा विचार कर," म्हणाले. विचार केला होता. पट्टी काढून टेबलावर ठेवली. कामापुरता मामा व्हायला माझा बाप मोकळा नव्हता. सकाळी आम्ही जाळी गुंडाळली. निम्मं रान तसंच बिनखताचं राहिलं. राहू दे.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. त्या दिवशीच्या पंगतीतल्या कुणीतरी हा प्रकार नेटवर लिहिला होता. लोक साहेबांना नावं ठेवत होते. फोनवर साहेबांचा आवाज मधाचा. "वडिलांना घेऊन ये. टेबलावर बसवू. मी स्वतः वाढतो. स्पेशल गेस्ट! छान व्हिडिओ करू."

"व्हिडिओ न काढता वाढाल?"

"अरे, मग लोकांना कळणार कसं?"

"न्हाई येणार," मी म्हणालो. मुद्दाम माझ्या भाषेत. पुन्हा फोन आला, मी उचलला नाही.

सध्या मी नोकरी शोधतोय. घरात ओढाताण आहे, आई माझ्याशी धड बोलत नाही. पण मुलाखतीत आता मीही एक प्रश्न विचारतो: माझे आईबाप मला भेटायला आले तर ते कुठं बसतील? एका ठिकाणी हसले. एका ठिकाणी "बघू" म्हणाले. तिथून मी उठून आलो. पुढच्या दारातही विचारणार आहे, त्याच्या पुढच्याही. धड उत्तर मिळाल्याशिवाय कुणाच्या दारात उभा राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडणार नाही.