म्हातारीने नाकारलेला मुखवटा

त्या मुखवट्याची केस मी अजून विसरले नाही. सोलापुरात पोलीस ठाण्यात मी झाडलोटीला होते. चौकशीला कुणी बाई आली की महिला शिपायाबरोबर मलाही तिच्याजवळ बसवत.

दुधनीकडच्या एका वस्तीवरून देवाचा पितळी मुखवटा चोरीला गेला. देवळाचं कुलूप तुटलं नव्हतं आणि किल्ली पूजा करणाऱ्या धनगर म्हातारीकडे. वस्तीने तिच्यावरच आळ घेतला. तिची पूजा काढून घ्यायचं ठरलं.

मग जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने खबर दिली, की मुखवटा दुसऱ्या व्यापाऱ्याकडे आहे. एका बड्या अधिकाऱ्याला जुन्या मूर्तींचा शौक होता. त्याची मर्जी मिळवायला या दोघांत चढाओढ होती. दुसऱ्या व्यापाऱ्याच्या एमआयडीसीतल्या गोदामावर छापा पडला, पंचनामा झाला, मुखवटा ठाण्यात आला.

ओळख पटवायला म्हातारीला आणलं. हो म्हटलं की आळ निघण्यासारखा होता. तिने मुखवटा हातात घेतला आणि म्हणाली, "ह्यो आमचा न्हाय."

तिच्यासोबत आलेला वस्तीचा पोलीस पाटील खेकसला, "इकलेला बरा आठवतोय की तुला, आज्जे!"

तिने मुखवटा खाली ठेवला. मी पाणी दिलं तेव्हा पुटपुटली, "बारका हाय बाई ह्यो. आमच्या ठोकळ्यावर बसायचा न्हाय."

मी फौजदार साहेबांशी कधी आपणहून बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "मावशी, जरा मोठ्यानं," ते म्हणाले.

जत्रेत मुखवटा ज्या लाकडी ठोकळ्यावर चढवतात, तो मागवला. मुखवटा कानाशी अडला. ओताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "खऱ्यावरून साचा घेतलाय. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं. नक्कल आहे साहेब."

गोदामवाला काही कबूल करेना. साहेबांनी खबर देणाऱ्याला त्याच्यासमोर बसवून नक्कल दाखवली. खबर देणारा हसत सुटला. "म्हंजे खरा मोठ्या साहेबांच्या दिवाणखान्यात पोचला की! तरीच मला तितं आता चहाबी मिळंना."

"तू काय कमी हायस? तूबी त्यांनाच देणार हुतास!" गोदामवाला उसळला. भांडता भांडता दोघांनी सगळं ओकलं, नक्कल विकण्यासाठी ओतून घेतली होती हे आणि दुसरी किल्ली करणाऱ्याचं नावसुद्धा.

अधिकाऱ्याच्या घरून मुखवटा जप्त झाला. तो ठोकळ्यावर नीट बसला. पुढे कोर्टाने तो वस्तीच्या ताब्यात दिला. ताबा कुणी घ्यायचा, असं विचारलं तेव्हा पाटलानेच मान खाली घालून म्हातारीचं नाव सांगितलं.

खरं बोलणाऱ्याला चार लोकांत कारण सांगता येतंच असं नाही, हे मी त्या केसमध्ये शिकले. अशा माणसाजवळ कुणीतरी घटकाभर बसावं. ते माझ्यासारखीलाही जमतं.